छपरावरून पडलेला गुंड

"विश्वास बसणार नाही तुमचा, पण चाळीस वर्षांत पडद्यावर गुंड म्हणून मी एकशेबारा वेळा मेलो, आणि छपरावरून दर वेळी स्वतःच पडलो!" हॉलिवूडच्या नटांसाठीच्या वृद्धाश्रमात नव्यानं आलेल्या लोर्नाबाईंनी शनिवारी माझ्यासोबत नाचावं, म्हणून ही बढाई चालली होती. "मेलात, मान्य. पण पडायला डुप्लिकेट नव्हता?" त्यांनी कॉफी ढवळत विचारलं. "छे हो! हा बघा पुरावा." मी खिशातला जुना फोटो काढला. गुत्त्याच्या छपरावरून गुंड कोसळतोय, चेहरा टोपीखाली झाकलेला. लोर्नाबाईंनी चष्मा लावून फोटो निरखला, मग मला निरखलं आणि माझा डावा हात हाती घेतला. मी विरघळलो. त्या मात्र बोटं मोजत होत्या. "थापाड्या, तुला पाच आहेत. फोटोतल्या डाव्या हाताला चारच. तो माझा नवरा! तोच हात धरून पंचेचाळीस वर्षं नाचलेय मी."