थांबलेल्या पाण्याचं माप

"दोर दे इकडे. मी सोडतो," गणिती म्हणाला.

ती हलली नाही. कठड्याला गुडघे टेकवून, दोराची वेटोळी पायाशी घेऊन तशीच उभी राहिली. दोघांचे केस काळे होते तेव्हापासून हा दोर तिच्याच हातात होता. आकडे त्याचे, दोर तिचा.

दोराच्या टोकाला माणसाच्या उंचीची नळी. नळीच्या तोंडाशी तांदळाएवढी सुई. नळी आपल्या वजनाने खाली पडते आणि वाटेत पाणी कुठे, किती खळबळतं ते सुई टिपते; बोटीवरच्या पडद्यावर त्याची रेघ उमटते. दोर फक्त नळी परत वर ओढायला. ती पडत असताना दोर सैल हवा. जरा ताणला, तर वरची हालचाल खाली पोचते आणि मापात शिरते. म्हणजे दोर धरायचा, पण नळीला कळू द्यायचं नाही. कप्तान म्हणायचा, ताई दोर सोडत नाहीत, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढून घेतात.

ही सामुद्रधुनी तिची. दोन डोंगरांमधून भरतीचं पाणी इथे असं घुसतं, की त्यावर टर्बाइन फिरवून पलीकडच्या अख्ख्या गावाला वीज देता येईल, हे आधी तिने म्हटलं. लोक हसले. ती मोजत राहिली. मग हसणारेच कंपनी घेऊन आले.

आणि नेमकं या मोसमात पडद्यावर ते दिसू लागलं. खळबळीच्या रेघेवर एक बारीक थरथर. ठेक्यात. दर वेळी.

असं पाणी टर्बाइनची पाती थकवतं. थकवून मोडतं. कंपनीचे साहेब आज बोटीवर आले होते ते ही जागा रद्द करायला. तोंडाने सांगून झालं होतं, सही तेवढी उरली होती. आणि त्यात हिने हट्ट धरला, की भरती सरून ओहोटी लागण्याआधी पाणी जरा वेळ थांबतं, तेव्हा एकदा मोजायचं.

"थांबलेल्या पाण्यात काय मोजणार?" साहेबांनी विचारलं.

"थांबणं."

चहा आला. तिने अर्धाच पेला घेतला.

"उपास?" गणिती म्हणाला.

"नाही. तुझ्यासारखा अंगावर ओतून घ्यायचा नाही म्हणून."

"साहेब, आज लाट किती होती ते यांच्या शर्टावर वाचायचं," कप्तान म्हणाला. साहेबही हसले. मग कुणीच हसलं नाही. पाणी मंदावत होतं.

गणिती पुन्हा तिच्याजवळ गेला. "अगं, निदान ही फुकटची खेप तरी मला करू दे. सकाळपासून उभी आहेस."

"नाही."

"थांबलेलं पाणी आहे. कुणीही सोडेल."

"म्हणून तर तुला देत नाहीये."

त्याला लागलं ते. इतकी वर्षं बरोबर काढली, आता सगळं हातचं जातंय, आणि तरी हिची मूठ सुटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते खोटं नाही. तो तोंड फिरवून पडद्यासमोर जाऊन बसला.

पाणी थांबलं.

कठड्याखालचा फेस जागच्या जागी.

इंजिन बंद.

तिने दोर सोडला.

खाली.

खाली.

पडद्यावर खळबळीची रेघ आडवी पडली. जवळजवळ मेलीच. आणि त्या मेलेल्या रेघेवर, स्वच्छ, एकटी, तीच थरथर. तोच ठेका.

साहेब त्याच्या खांद्यावरून वाकले. "पाणी तर थांबलंय. मग हे काय? यंत्र बिघडलंय?"

"यंत्र ठीक आहे. परवा मीच टाकीत तपासलंय." हे बोलता बोलता गणिती अडखळला. पाणी नाही. यंत्र नाही. मग उरलं काय? त्याची नजर दोरावरून वर चढत गेली.

ती आता हात लपवत नव्हती. ओला हात कठड्यावर उघडा ठेवला होता. अंगठा बोटांवर आपोआप फिरत होता, वात वळल्यासारखा. थांबवून थांबत नव्हता. तो ठेका गणितीने ओळखला. या मोसमात रोज पडद्यावर पाहिला होता.

"जागा बदलू नका, साहेब," ती म्हणाली. "माणूस बदला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कप्तान इंजिनकडे बघत राहिला. ओहोटी लागली होती. बोट हळूच वळू लागली.

तिने दोर गोळा केला, वेटोळी नीट केली आणि गणितीच्या हातात दिली. त्याला घेववेना.

"मघाशीच का नाही दिलास?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी मागत होतो. कुणाला कळलंही नसतं."

"तुझ्या हाताने रेघ सरळ आली असती," ती म्हणाली, "आणि आळ पाण्यावरच राहिला असता."