एका घरगाडीची दोन गिऱ्हाइकं
माझ्या भंगारात ओटा-पलंगासकट एकच मेलेली घरगाडी, आणि तिच्यावर टपलेली गिऱ्हाइकं दोन. दोघांच्या अंगणात तसलीच जुनी घरगाडी सुट्या भागांवाचून अडून उभी. विधुर ड्रायव्हरकाकांनी इंजिनाचा पंखा नेला, एकट्या मास्तरीणबाईंनी दाराचं कुलूप. आज काका कुलूप मागायला आले आणि बाई पंखा. "म्हणजे पंखा लांबवणारे तुम्हीच!" "आणि कुलूप पळवणाऱ्या तुम्ही!" बाई कडाडल्या, "दार उघडं टाकून फिरा मग!" "तुम्ही इंजिन उकळवत फिरा!" मी मध्ये पडलो, "अहो, दोन गाड्या कुजवण्यापेक्षा दोघं मिळून एक चालवा की!" "माझ्या गाडीचे टायर नवे आहेत," बाई पुटपुटल्या. "उद्या पंखा बसवतो," काका म्हणाले. दोन पक्की गिऱ्हाइकं मी माझ्याच तोंडानं घालवली. फाटकापर्यंत गेलेले काका परत आले. "शेजारच्या सीटचा पट्टा मिळेल?" इतक्या वर्षांत तो कुणीच मागितला नव्हता.