दारवाल्या काकांचा निरोप

"लिफ्ट बंद आहे काका, जिन्यानं या," तिनं फोनवर सांगितलं. लिफ्ट चालू होती.

पाचव्या मजल्यावर दार उघडून ती त्यांची धाप ऐकत उभी राहिली. परक्या देशात दारोदार फिरून श्रद्धेचं महत्त्व सांगणाऱ्या या माणसाला आपल्याकडची मंडळी 'दारवाले काका' म्हणत. आपली भाषा कानावर पडली की माणूस दाराची साखळी काढतो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तिनंही काढली होती. गेले काही शनिवार ती त्यांना चहा पाजत होती, माना डोलावत होती.

"तुमच्यासाठी निरोप आहे," पहिल्या भेटीत काका म्हणाले होते.

"देवाचाच ना? सावकाश सांगा. देवाला कुठं घाई आहे?"

त्यावर ते कसनुसे हसले आणि प्रार्थनेबद्दल बोलत राहिले.

आजही त्यांनी कोट खुंटीला लावला, सवयीनं आतला खिसा चाचपला आणि हात धुवायला गेले.

तिनं खिशातली लोकरीची छोटी पिशवी काढून वरून दाबून पाहिली. दम्याचा पंप. तिचा अंदाज बरोबर होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पिशवी तिनं पदार्थांच्या डब्यांमागे सरकवली.

तिचा धाकटा भाऊ याच देशात, दुसऱ्या गावी शिकायला होता. जन्माचा दमेकरी आणि पक्का आळशी. त्याला पंप तीच पाठवायची. प्रत्येकावर कागद डकवून काहीतरी दटावणी लिहायची, 'हरवलास तर कान उपटीन' असलं. तो दम्यानं गेला त्या आठवड्यात त्याचे तिला फोन येऊन गेले होते. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि घरी आल्यावर उलट फोन करायचं राहूनच गेलं.

शेवटच्या घटकेला त्याच्याजवळ फक्त दारवाले काका होते. "तो 'पंप, पंप' करत होता, आणि हे मोठमोठ्यानं प्रार्थना करत होते. भिंतीपलीकडून ऐकलंय मी," शेजारच्या खोलीतल्या मुलानं सांगितलं होतं. रुग्णवाहिका कुणी बोलावली, ते त्याला माहीत नव्हतं. पंप मात्र खोलीत कुठंच सापडला नाही.

तिला काकांचा जीव नको होता. फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, पंप द्या. मग ती देणार होती.

काका खुर्चीत बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पाणी?"

"नको. आज मात्र तो निरोप सांगतोच." ते उठले, कोटाच्या खिशात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. "इथं एक पिशवी होती."

"प्रार्थना करा की. सापडेल."

"चेष्टा नको गं. तू घेतलीस का?"

तिनं डब्यांमागून पिशवी काढली आणि मुठीत धरली. "काय आहे हिच्यात? नाव घेऊन मागा."

"पंप." काका भिंतीला टेकले. "तेवढा पंप दे. पाया पडतो तुझ्या."

हे ऐकलं की काळजाला गार वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलंही.

"माझा भाऊ असाच मागत होता ना?"

काका दचकतील, नाही म्हणतील, निदान कोण भाऊ म्हणून विचारतील, अशी तिची अपेक्षा होती. त्यांनी नुसती मान हलवली.

"अस्साच. तोच निरोप आहे पोरी. उघड."

तिनं पिशवीची गाठ सोडली. सवयीनं पंप हलवला, दाबला. कोरडा खट् आवाज आला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

पंपावर डकवलेला कागद कडांना पिवळा पडला होता. अक्षर तिचंच होतं.

'संपत आला की कळव. – ताई.'