न धरलेल्या उपासाचं पारणं

रिक्षा गेटबाहेर थांबून होती. आत, वसतिगृहाच्या ऑफिसात, भाग्यश्री बाकावर बसली होती. बसली कसली, भिंतीला टेकवून ठेवल्यासारखी होती. डोळे हळदीत बुडवून काढावेत तसे. ओठांवर पापुद्रे. तिची खोलीतली जोडीदारीण, उंब्रजची सुमैरा, शेजारी उभी राहून रेक्टरबाईंना तेच तेच सांगत होती.

“मॅडम, दवाखाना इथं चौकात आहे. दाखवून लगेच परत येतो.”

“उपासात थकवा यायचाच,” रेक्टरबाई म्हणाल्या. “आणि उद्या तिच्या घरचे म्हणाले, आमच्या मुलीचा उपास मोडला, तर कुणाला धरतील? मला.”

“तिचा उपास नाहीये. तिला अन्न बघवत नाही. मेसमधल्या फोडणीचा वास आला तरी उलटी होते.”

“तू गप्प बस गं. त्यांच्या धर्मातलं तुला काय कळतंय?”

“मी रोजे धरते, मॅडम. उपासानं डोळे पिवळे होत नाहीत.”

दारात गोळा झालेल्या पोरींतली एक फिसकन हसली. रेक्टरबाईंनी नुसतं वळून बघितलं आणि दार मोकळं झालं.

पर्युषण पर्वाचे दिवस होते. जैनाची पोर जेवत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. मेसच्या मावशींनी तिचं ताट मांडायचं बंद केलं. शेजारच्या खोलीतल्या दोघी परीक्षेला जाताना तिच्या पाया पडून गेल्या. गावी आईला कळलं, आणि आईच्या आवाजात असं काही चांदणं सांडलं की ‘मला बरं न्हाई’ हे भाग्यश्रीच्या तोंडातच विरलं. चूक तिचीही होतीच. पण चूक कबूल करायलासुद्धा अंगात बळ लागतं.

सहानंतर पालकांच्या शब्दाशिवाय मुलगी गेटबाहेर जात नाही, हा इथला नियम. रेक्टरबाईंनी भाग्यश्रीच्या आईला फोन लावला, टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला.

“आवं मॅडम, दवाखाना कशाला?” तासगावच्या अलीकडच्या वाडीतून पद्मावती बोलत होती. “गेलं की सलाईन टोचत्यात. एवढे दिस काढल्यात पोरीनं, समदं वाया जाईल. परवा पारणं हाय. तिच्या भावानं, जिनेशनं, ट्रॅक्टर धुऊन ठेवलाय मिरवणुकीला. तिच्या मामाकडनं साडी आलीया. बस्तीत, भगवंताम्होरं, नाव पुकारलं तिचं, समद्यांच्या म्होरं.”

“ऐकलंस?” रेक्टरबाई भाग्यश्रीला म्हणाल्या.

भाग्यश्री बाकाच्या कडेला सरकली. टेबलाची कड धरली.

“आई, म्या उपास धरलाच न्हाई.”

मग आई बोलली. हळू, पण त्या खोलीत प्रत्येकाला ऐकू जाईल इतकं स्वच्छ.

“पोटात कायबी गेलं न्हाई न्हवं?”

“न्हाई.”

“मग झाला की त्यो उपास. धरला काय, न धरला काय. आता कुणाम्होरं तोंड उघडू नगंस. परवापतुर सोस.”

“मला उभं ऱ्हावंना गं.”

“आन् म्या गावात कशी उभी ऱ्हाऊ, सांग. बाया तोंडावर हसतील माझ्या. म्हणतील, पद्मीनं पोरीचा खोटाच डंका वाजवला.”

सुमैरा काही बोलणार होती. रेक्टरबाईंनी बोट वर केलं.

“झालं? आईनं सांगितलं ना? ने हिला खोलीत.”

सुमैरा जागची हलली नाही. भाग्यश्रीही नाही. रेक्टरबाईंच्या चहाच्या बशीत दोन बिस्किटं होती. भाग्यश्रीनं त्यातलं एक उचललं. फोनवर वाकली आणि तुकडा तोडला. कोरड्या तोंडात तो फिरेना. तरी ती चावत राहिली, म्हशीनं कडबा चावावा तशी, मोठ्यानं.

“काय वाजतंय गं?” आईनं विचारलं.

“बिस्कीट.”

रेक्टरबाईंनी बशी आपल्याकडे ओढून घेतली. आता ओढून उपयोग नव्हता.

“मोडला एकदाचा,” त्या म्हणाल्या. ओकारी पुसावी लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मग बाहेर बघून त्यांनी वॉचमनला हाक मारली. “ज्योतिबा, गेट उघड यांना. आणि ध्यानात ठेव, मी पाठवलेलं नाही.”

सुमैरानं भाग्यश्रीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. पोरीचं वजन कशाचं, वाळत घातलेल्या ओढणीचं. टेबलावरचा फोन तसाच चालू होता. दोघी उंबऱ्याशी पोचल्या तेव्हा त्यातून पुन्हा आवाज आला. राग नव्हता त्यात. आसवंही नव्हती. रित्या घागरीत बोलावं तसा आवाज.

“भागे, दिवस हाय न्हवं अजून?”

दिवस मावळल्यावर त्या घरात कधी कुणी तोंडात घास घातला नव्हता.

भाग्यश्रीनं बाहेर पाहिलं. यवतेश्वराच्या डोंगराआड ऊन केव्हाच गेलं होतं. रस्त्यावरचे दिवे लागले होते, रिक्षाचाही.

“हाय, आई,” ती म्हणाली.