गेम का अडकतो

"पराग हल्ली खेळतच नाही, गेम अडकतो म्हणतो," म्हणून त्याच्या आईनेच मला कॉम्प्युटर बघायला इंद्रलोक सोसायटीत बोलावलं. बघतो तर ग्राफिक्स कार्ड निवांत आणि प्रोसेसर धापा टाकतोय. एक छुपं सॉफ्टवेअर परागच्या स्क्रीनचं सतत रेकॉर्डिंग करून आईच्या मोबाइलवर पाठवत होतं. तो पाणी आणायला उठला तशी आईने हात जोडले.

"भाऊ, त्याला कळू देऊ नका. दिवाळीत जीव द्यायला निघाला होता तो."

यात मी काय रिपेअर करणार! "प्रोसेसर जुना झालाय," अशी परागला थाप मारली आणि बॅग उचलली.

लिफ्टपर्यंत सोडायला आला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "दादा, ते सॉफ्टवेअर काढलं नाहीत ना? त्याशिवाय आईला झोप लागत नाही."