वाऱ्याच्या उलट जाणारा ढग

काकांच्या दारातच पैज लागली. “संध्याकाळी पाऊस पडणारच!” रडार केंद्रात काम करणाऱ्या शेजारणीनं मोबाइलवर ढगाचा हिरवा ठिपका दाखवला. “वेधशाळाबाई, तुम्ही पाऊस म्हणालात? मग मी बिनधास्त कपडे वाळत घालतो!” काकांनी चिडवलं. “हरणाऱ्यानं अंगणात छत्री घेऊन नाचायचं. जिंकणाऱ्यानं खाली येऊन बघायचं, गॅलरीतून चालणार नाही,” तिनं बजावलं. काकू गेल्यापासून काका खाली उतरलेच नव्हते, म्हणून हा खटाटोप. ठिपका वाऱ्याच्या उलट सरकत होता, म्हणजे तो ढग नव्हे, पक्ष्यांचा थवा, हे तिला सकाळीच कळलं होतं. संध्याकाळी आभाळ कोरडंठाक. अख्ख्या बिल्डिंगसमोर ती छत्री उघडून नाचू लागली. काका कठडा धरून एकेक पायरी उतरले, पोटभर हसले, डोळे पुसत ओरडले, “गधडे, हा काय नाच झाला? दे ती छत्री. तुझ्या काकूला नाचायला मीच शिकवलं होतं!”