अकरावा रकाना

ग्रंथपालाच्या वर्गाच्या अर्जात अकरा रकाने होते. दहा शालननं घरीच भरून आणले होते, कोरा टाक घेऊन, मोत्यासारख्या अक्षरात. शिक्षण मॅट्रिक. वय चोवीस पूर्ण. ग्रंथपालाचा पुढचा वर्ग दोन वर्षांनी निघणार आणि पंचविशीनंतर कुणाला घेत नाहीत, म्हणजे संधी काय ती हीच. मुख्याध्यापकांची शिफारस होती. शाळेच्या दोन कपाटांत पुस्तकं चारशे बारा, हेही लिहून झालं होतं. ती तिनंच लावली होती. पण नव्या नियमानं प्रमाणपत्र नसलं तर कपाटांच्या किल्ल्या जूनपासून दुसऱ्याकडे.

अकराव्या रकान्यात जामीनदार हवा होता. वर्ग पुरा करून बाई तीन वर्षं शाळेत टिकल्या नाहीत, तर विद्यावेतन कोण भरून देणार, एवढीच सरकारला शंका. जामीनदार जमीनवाला पाहिजे आणि सोबत सातबाऱ्याचा उतारा.

चुलते आबाजी ‘जामीन ऱ्हातो’ असं चारदा म्हणाले होते. त्यातलं दोनदा भरल्या ताटावरून, तेव्हा शब्द पक्का धरायला हरकत नव्हती. फक्त ते उताऱ्याला गेले की तलाठी भेटत नसे. एकदा तो गावी गेलेला, एकदा तापानं फणफणलेला, एकदा त्याची सासू वारलेली. उद्या पाचच्या आत अर्ज पुण्यात पोचायला हवा होता. म्हणून आज शालन अर्धी रजा टाकून स्वतःच चावडीत आली. पाठोपाठ आई, गोजाबाई, आली आणि बाहेर ओट्यावर टेकली.

तलाठी हिंदुराव जागेवर होता. चांगला धडधाकट.

“ताप?” शालननं चौकशी केल्यावर तो म्हणाला. “तीन महिने झाले मला इथं येऊन, एक खाडा नाही. आणि सासू कुठली, बाई? लग्नाचाच अजून पत्ता नाही.”

शालनलाही हसू आलं. “असू दे. मुंबई रस्त्याकडेची आठ एकर. वडिलांमागं आमची तिघांची नावं लागली आहेत. आबाजी, गोजाबाई, शालन.”

हिंदुरावानं वही काढली. दोन पानं उलटली, तिसऱ्यावर बोट थांबलं.

“लागली होती,” तो म्हणाला, आणि त्यानं वही तिच्याकडे फिरवली.

गेल्या दिवाळीच्या आधीची नोंद होती. आठही एकर कारखान्याला विकली. कुंपण पावसाळ्यानंतर पडायचं होतं, तोवर पीक काढायची मुभा. म्हणूनच यंदाची ज्वारी नेहमीसारखी घरी आली होती. खाली तीन नावं आणि तीन अंगठे.

“तुम्ही अंगठा उठवता, बाई?” हिंदुराव एकदा अर्जावरच्या अक्षराकडे बघत होता, एकदा वहीकडे.

शालन वाकली. पहिला अंगठा रुंद, आबाजींचा. दुसरा आईचा, मधून तिरपी पांढरी रेघ गेलेली. तिसऱ्यापुढे ‘शालन’ लिहिलं होतं. त्याच्याही मधून तीच तिरपी रेघ.

ती रेघ शालनला पाठ होती. अंगठा विळीवर चिरला होता, तेव्हाची. प्रगतीपुस्तकात पालकांच्या सहीच्या जागी हाच अंगठा वर्षातून तीनदा उठायचा. शालन पास झाली, याला अकरा वर्षं त्यानंच साक्ष दिली होती.

तेवढ्यात आबाजी आले. कुणीतरी वर्दी दिली असावी. धोतराचा सोगा हातात, छाती भात्यासारखी. मनगटावर दिवाळीला घेतलेलं घड्याळ होतं. त्यात किती वाजले ते त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे.

“अगं शालू, मला सांगायचं न्हाई व्हय? मी निघालोच व्हतो.”

“आबा, हा अंगठा कुणाचा?”

आबाजींनी वहीकडे पाहिलं नाही. “घरचाच हाय की. तुला बोलवायची म्हंजी तुझी शाळा बुडली असती. म्हणलं, पोरीची रजा कशाला घालवा? वैनी व्हत्या संगं. आई काय परकी हाय?”

शालननं दाराकडे पाहिलं. ओट्यावर आईचा पदर तेवढा दिसत होता.

“आणि जामीन?”

“ऱ्हातो की! मी कधी न्हाई म्हणलं? घाला हो तलाठीबुवा, माझं नाव घाला.”

“कशावर घालू?” हिंदुराव म्हणाला. “तुमच्या नावावर आता राहतं घर आणि हातातलं घड्याळ. घड्याळाचा उतारा चावडीत मिळत नाही.”

आबाजी मोठ्यानं हसले. एकटेच. मग म्हणाले, “अन् काय गं, कपाटाला कुलूप लावायला परीक्षा कशापायी? किल्ली फिरवली, झालं. सरकारबी येडं अन् तूबी.”

शालननं अर्ज उचलला. अकरावा रकाना कोराच होता. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. आबाजींनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

आतला आवाज थांबला म्हणून गोजाबाई उठून दारात आली. काम अडलं असावं, असं तिला वाटलं. तिनं पदरानं अंगठा घासून पुसला आणि पुढे केला.

“शालू, अंगठा लागतोय का गं माझा? दिवाळीच्या आधी तुझ्या शाळेच्या कागदासाठी म्हणून आबांनी दोन घेतले. आज किती द्यायचे?”